प्रश्न ठरवण्याचा हक्क कोणाचा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

एका शैक्षणिक संस्थेच्या विस्तार विभागात, म्हणजे संस्थेतले ज्ञान गावोगावच्या लोकांपर्यंत नेणाऱ्या विभागात, नऊ वर्षे काम करणाऱ्या एका वाचक भगिनीने हे पत्र लिहिले आहे. गेली चार वर्षे त्यांच्याकडे एका तळ्याच्या परिसराची जबाबदारी आहे. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी गडद हिरवे होते, वास सुटतो आणि सलग दोन वर्षे मासे मरून काठाला लागले आहेत. खतांचा संतुलित वापर, बांधालगतचा गवताचा पट्टा, शौचालयाच्या टाक्यांची निगा अशा विषयांवर त्यांनी दोन वर्षांत सव्वीस कार्यक्रम घेतले. लोक येतात, माना डोलावतात, आभार मानतात. बदलत मात्र काहीच नाही. मच्छीमार शेतकऱ्यांना दोष देतात, शेतकरी वरच्या अंगाला झालेल्या नव्या वसाहतीच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतात आणि वसाहतीतले लोक पाण्यात उतरणाऱ्या जनावरांचे नाव घेतात. प्रत्येक गट त्यांना एकटे गाठून म्हणतो, की पुढच्या बैठकीत तुम्हीच काय ते खरे सांगून टाका. वरिष्ठांना कार्यक्रमांची आणि उपस्थितांची संख्या हवी असते, आणि वादात पडू नका असेही ते बजावतात. पत्रलेखिका विचारतात : लोकांना पटवण्यात मी कुठे कमी पडते आहे? सत्य माहीत असताना मी उघड बाजू घ्यावी का? की हे काम प्रशासनाचे आहे असे समजून बाजूला व्हावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे आणि मला आधी त्याविषयी बोलायचे आहे. तळ्याचा प्रश्न काय आहे हे ठरून गेलेले आहे, त्याचे उत्तर तुमच्यापाशी आहे आणि आता ते लोकांच्या गळी उतरवायचे तेवढे उरले आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. सव्वीस कार्यक्रमांनंतरही काही हलत नाही, त्या अर्थी सांगण्यातच उणीव असली पाहिजे, या निष्कर्षाला तुम्ही त्यामुळेच पोहोचलात. मला तसे वाटत नाही. लोकांनी माना डोलावल्या त्या केवळ तुमचे मन राखण्यासाठी असतील असेही मला वाटत नाही. तुम्ही सांगत होता त्यातले बरेचसे त्यांना पटलेले होते, किंबहुना आधीपासून ठाऊक होते, म्हणून माना डोलल्या असतील.

माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतला एक प्रसंग सांगते. विहिरींची पाणीपातळी दर वर्षी किती खाली जाते आहे, याचा एक मोठा आलेख काढून मी एका बैठकीत नेला होता. आलेख चांगला होता, मी बोललेही बरे. बैठक संपल्यावर सतरंज्या गोळा होत असताना एक वयस्कर शेतकरी जवळ आले आणि म्हणाले, "बाई, पाणी खाली चाललंय हे माझ्या पंपाला तुमच्या आधी कळलं. मी उद्या मोटर बंद ठेवली तर माझं राहिलेलं पाणी शेजारी उपसणार. त्याचं काय करायचं तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या वेळी मी ते माझ्या तयारीतले न्यून समजले आणि पुढच्या बैठकीसाठी आणखी आकडे गोळा करायला लागले. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की त्या दिवशी त्या बैठकीत प्रश्नाची सर्वांत नेमकी मांडणी त्यांनी केली होती. तिथे कोणीही अडाणी नव्हते. प्रत्येकाला परिस्थिती दिसत होती आणि एकट्याने काही केले तर आपणच नाडले जाऊ हेही प्रत्येकाला दिसत होते. माझा आलेख ज्या अज्ञानावर औषध म्हणून आणला होता, ते अज्ञान तिथे नव्हतेच.

तुमच्या तळ्याकाठी याहून वेगळे काही चालले असेल असे मला वाटत नाही. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६९ मध्ये, चिलीतील शेतीसुधारणेच्या कामाच्या अनुभवातून, 'विस्तार' या शब्दालाच हरकत घेतली होती, कारण ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याने ते नसलेल्याकडे पोहोचवायचे, हे चित्र त्या शब्दातच दडलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या पदाच्या नावातच तो शब्द आहे, तेव्हा आपण तो टाकू शकत नाही. पण त्या चित्रापासून सावध राहणे आपल्या हातात आहे.

काही प्रश्न असे का वागतात याचे चांगले विवेचन १९७३ साली होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या बर्कली येथील दोन प्राध्यापकांनी नियोजनातील पेचांवरच्या एका निबंधात केले. गणित किंवा बुद्धिबळातला डाव कितीही अवघड असला तरी तो सुटला की सुटला हे कळते. सार्वजनिक जीवनातल्या पुष्कळ प्रश्नांचे तसे नसते. त्यांची सर्वांना मान्य होईल अशी व्याख्या करता येत नाही, ते संपले असे म्हणण्याची जागा येत नाही, त्यांची उत्तरे खरी किंवा खोटी नसतात तर बरी किंवा वाईट असतात, आणि प्रत्येक प्रयत्नाचे परिणाम मागे उरतात, त्यामुळे पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही. अशी दहा लक्षणे सांगून त्यांनी या प्रश्नांना 'विकेड' म्हटले. दुष्ट या अर्थाने नव्हे, कशालाच सहज दाद न देणारे या अर्थाने. त्यांतले एक लक्षण तुमच्यासाठी सर्वांत मोलाचे आहे : प्रश्न जसा मांडावा तसे त्याचे उत्तर निघते. 'शेतकरी खत जास्त टाकतात' असे मांडले की उत्तर खताच्या प्रशिक्षणात सापडते. 'वसाहतीला परवानगी मिळाली, पण सांडपाण्याची सोय झाली नाही' असे मांडले की ते प्रशासनाच्या दारात जाते. 'मासेमारीवर जगणाऱ्यांचा रोजगार बुडतो आहे' असे मांडले की आणखी तिसरीकडेच. आता तुमच्या कार्यक्रमांचे विषय पुन्हा वाचून पाहा. खत आणि गवताचा पट्टा हे दोन्ही शेतकऱ्याच्या बांधावरचे आहेत, तिसरा जुन्या घरांचा आहे, आणि नव्या वसाहतीच्या नाल्यावर एकही नाही. तुमच्या मनात पक्षपात नव्हता हे मी जाणते; आपल्या विभागाकडे ज्या विषयांचे साहित्य तयार असते त्यांवरच आपण बोलतो. पण ऐकणाऱ्या शेतकऱ्याने मान डोलावताना मनात काय म्हटले असेल? आम्हीच का?

याचा अर्थ शास्त्र बिनकामाचे ठरते असा मुळीच नाही. त्याच १९७३ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतात, प्रयोगासाठी राखलेल्या तलावांपैकी २२६ क्रमांकाच्या तलावात शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध पडदा टाकून पाण्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र (नायट्रोजन) घातले, एका भागात त्याबरोबर खतांत आणि सांडपाण्यात असते ते स्फुरदही (फॉस्फरस) घातले. स्फुरद घातलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा झाला नाही. वरून काढलेल्या छायाचित्रात पडद्याच्या रेषेवर हिरवा रंग जिथल्या तिथे थांबलेला दिसतो, आणि तलाव कशामुळे हिरवे होतात या त्या काळच्या मोठ्या वादात त्या छायाचित्राने जे काम केले ते अनेक अहवालांना जमले नव्हते. अशा ज्ञानाची तुमच्या लोकांना गरज आहेच. फक्त ते कुठपर्यंत पुरते हे ओळखायला हवे. पाणी कशामुळे हिरवे होते हे शास्त्र सांगते. कोणी आधी कमी करायचे, किती करायचे, त्याचा खर्च कोणी उचलायचा आणि पाणी सुधारेपर्यंत ज्यांचे पोट तळ्यावर आहे त्यांनी काय करायचे, हे शास्त्र सांगू शकत नाही. तुमच्या बैठका जिथे अडतात ती जागा हीच आहे.

मांडणी बदलल्याने काय होते याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. अमेरिकेतील सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात भोवतालच्या शहरांचे सांडपाणी, प्रक्रिया केलेले असले तरी, सोडले जात होते आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पाणी बिघडत असल्याची चिन्हे विद्यापीठातील शास्त्रज्ञांना दिसू लागली. उपाय म्हणून साऱ्या परिसराची एक संयुक्त यंत्रणा उभारण्याचा प्रस्ताव मार्च १९५८ मध्ये मतदानाला आला, तेव्हा त्यात सांडपाण्याबरोबर वाहतूक आणि सर्वंकष नियोजनही होते. तो नापास झाला. सहाच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, केवळ सांडपाण्यापुरता प्रस्ताव आला आणि तो मंजूर झाला. सरोवर तेच, माणसे तीच. १९६८ पर्यंत सांडपाणी सरोवरापासून वळवण्याचे काम पुरे झाले आणि पाणी झपाट्याने निवळले. मात्र त्यांचे एक नशीब होते, ते तुमच्या वाट्याला आलेले दिसत नाही : त्यांचे दूषित पाणी मुख्यतः नळांतून येत होते आणि नळाकडे बोट दाखवता येते. तुमच्याकडे ते शेतांतून, टाक्यांतून, नाल्यातून, जनावरांच्या पायवाटांवरून असे दहा ठिकाणांहून झिरपते आहे. म्हणूनच तिथला तोडगा उचलून इथे लावता येणार नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांनी दुसऱ्यांदा प्रश्न मांडण्याची दाखवलेली तयारी.

आता बाजू घेण्याविषयी. सत्य तुम्हाला माहीत आहे असे तुम्ही लिहिता. मी आदराने विचारते, नेमके काय माहीत आहे? तिन्ही ठिकाणांहून शेवाळ वाढवणारी पोषकद्रव्ये तळ्यात येतात हे तुम्हाला माहीत असणार. पण कोणाकडून किती, हे मोजले आहे का? पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याच्या आणि नाल्याच्या तोंडाशी पाण्याचे नमुने घेतले आहेत का? पत्रात तसा उल्लेख नाही. नमुने घेतले नसतील तर उघड बाजू घेणे म्हणजे अंदाजाला तुमच्या पदाचे वजन देणे होईल, आणि तो अंदाज चुकला तर पुढे तुमच्या खऱ्या माहितीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्याच वेळी 'मी तटस्थ आहे' असे म्हणून गप्प बसणेही मला मान्य नाही. वस्तुस्थितीच्या बाबतीत तटस्थता नसते. कोणी म्हणाले की स्फुरदाचा आणि शेवाळाचा संबंध नाही, तर ते चूक आहे असे तुम्ही सौम्यपणे पण निःसंदिग्धपणे म्हणायलाच हवे. जिथे जिवाला धोका आहे तिथे तर चर्चेची वाटही पाहू नये. अशा हिरव्या पाण्यात काही वेळा विषारी द्रव्ये तयार करणारे निळे-हिरवे शेवाळ असते, आणि ते पाणी प्यायलेली जनावरे दगावू शकतात. पाण्यावर साय धरते त्या दिवसांत जनावरे आणि मुले पाण्यापासून दूर ठेवा, हे सर्वांना तातडीने सांगा, पाणी तपासून घ्या, आणि काठाजवळच्या विहिरींचे पाणी पिण्यात असेल तर तेही तपासून घ्या. त्यासाठी एकमत व्हावे लागत नाही. तुम्ही स्वतःला आवरायचे आहे ते निवाडा देण्यापासून. कोणी काय सोडावे हे ज्यांना सोडावे लागणार आहे त्यांनी ठरवायचे आहे. आणि एका बाबतीत तर तुम्ही उघड पक्षपाती असावे असे मी म्हणेन : जे बैठकीला येत नाहीत, त्यांच्या बाजूने.

एकटे गाठून बोलणाऱ्यांचे काय करायचे, हे वरवर लहान वाटले तरी तुमच्या कामाचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. त्यांचे ऐकून घ्या, पण निरोप पोहोचवू नका. "हे तुम्ही मला सांगितलेत, बैठकीत त्यांच्यासमोर सांगाल का?" असे विचारा. उत्तर बहुधा 'नाही' असेल. मग विचारा, "का नाही?" त्यानंतर जे ऐकायला मिळते ते बहुतेक वेळा तळ्याविषयी नसतेच. जुना बांधाचा वाद असतो, एखाद्या निवडणुकीतला राग असतो, उधारी असते, कधी नुसती भीती असते. ते कळल्याशिवाय बैठक कशी बसवायची हे तुम्हाला कळणार नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की दोन महिने कार्यक्रम थांबवा आणि नुसते ऐकत फिरा. 'तुमची समस्या काय' असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला लोक तुम्हाला हवे असलेले उत्तर देतात. तळ्यात शेवटचे कधी उतरलात, लहानपणी पाणी कुठवर स्वच्छ दिसायचे, कोणत्या वर्षी पहिल्यांदा वेगळे वाटले, तळ्यासाठी काय करायला तयार आहात आणि काय केल्या सोडणार नाही, असे विचारा. मच्छीमारांना विचारलेत तर ते सांगतील, की मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी झालेला असतो. तुमच्या पुस्तकातली ही गोष्ट त्यांनी होडीतून रोज पाहिलेली आहे. शेतकऱ्यांमध्ये दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना मुद्दाम भेटा. गवताच्या पट्ट्यासाठी दोन मीटर जमीन सोडा हा सल्ला ज्याची जमीन नाही त्याने कसा ऐकावा? काठावर कपडे धुणाऱ्या बायका, पाणीपुरवठ्याचा पंप चालवणारा माणूस, वसाहतीत भाड्याने राहणारी कुटुंबे, यांपैकी किती जण तुमच्या सव्वीस हजेरीपत्रकांत आहेत ते एकदा तपासून पाहा.

ऐकलेले सारे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, नावे गाळा, आणि पहिल्या बैठकीत ते सर्वांसमोर वाचून दाखवा. तुम्ही काही जोडू नका. आपले म्हणणे परक्या तोंडून पण न मोडता ऐकले की माणूस सैलावतो, आणि दुसऱ्याचे म्हणणे त्या माणसाचा चेहरा समोर नसताना ऐकले की ते थोडे अधिक आत जाते. हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या वाचनानंतर एकच काम करायचे : आपल्यापुढचा प्रश्न काय आहे, हे एका वाक्यात लिहायचे. त्याला तीन बैठका लागल्या तरी लागू द्या. इथे वेळ वाया जात नाही. तुमचे सव्वीस कार्यक्रम ज्या पायरीशिवाय उभे होते ती पायरी ही आहे.

दुसरी सूचना मोजण्याविषयी. प्रयोगशाळेचे अहवाल लागतीलच, पण त्याआधी लोकांच्या हातात राहील असे एक मोजमाप सुरू करा. १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडली होती. आज तलावांसाठी वापरतात ती सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाची असते आणि तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले असतात. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर खूण करायची, ऊन वर आल्यावर होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते तिथे दोरीवर बोट ठेवायचे, मग वर ओढताना पुन्हा दिसू लागते तिथे दुसरी खूण, आणि दोहोंची सरासरी वहीत लिहायची. सांगायला इतके सोपे आहे. प्रत्यक्षात होडीत काय होते ते पाहण्यासारखे असते. एक जण म्हणतो गेली, दुसरा म्हणतो अजून दिसते आहे, तिसरा त्याला बाजूला करून स्वतः वाकून पाहतो, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसे पाच मिनिटे एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसतात. पंधरा दिवसांनी एकदा घेतलेला हा आकडा सर्वांना दिसेल अशा फळ्यावर लिहा. पावसाने आलेल्या गढूळपणामुळेही तो घटतो, त्यामुळे शेजारी पावसाचीही नोंद ठेवा. त्या आकड्याला कोणी 'तुमचा आकडा' म्हणू शकत नाही, कारण दोरी त्यांच्याच हातात होती.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सामाईक कुरणे, जंगले, कालवे आणि मासेमारीच्या जागा अभ्यासल्या, त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९० मध्ये त्यांनी जे निष्कर्ष मांडले, त्यांत दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांचे एक वैशिष्ट्य असे होते, की देखरेख वापरणारे स्वतः करत होते किंवा देखरेख करणारा त्यांना उत्तरदायी होता. दुसरे असे, की नियम ज्यांना पाळायचे त्यांना ते बदलण्यातही वाटा होता, आणि पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा होती. तुमच्या लोकांनी पुढे काही नियम केले तर ही यादी त्यांच्यापुढे जरूर ठेवा. पण त्यांनी विचारल्यावर.

मग पर्यायांची बैठक. एकच उपाय मांडला की सभा त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे अशी फुटते. म्हणून तीन किंवा चार वाटा मांडा आणि प्रत्येक वाटेखाली 'यात आम्हाला काय सोडावे लागेल' असा रकाना ठेवा. तो रकाना ज्याच्या त्याच्या गटाने भरायचा. शेतकऱ्यांनी सांडपाण्याचा आणि वसाहतीने खताचा हिशेब मांडायचा नाही. निर्णय मात्र बैठकीतच, सर्वांसमोर, मोठ्याने व्हावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी अमेरिकेत गृहिणींच्या गटांवर केलेल्या अभ्यासात, पूर्वी कधी न वापरलेला एक अन्नप्रकार घरात आणण्याविषयी काही गटांना व्याख्यान दिले आणि काही गटांत चर्चा करून शेवटी हात वर करून निर्णय घ्यायला लावला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के बायकांनी तो पदार्थ नंतर केला, चर्चेच्या गटांतल्या सुमारे ३२ टक्के बायकांनी. एवढ्या एका अभ्यासावरून मी सगळे सिद्ध झाले असे म्हणणार नाही, पण इतरांच्या देखत उचललेला हात घरी जाऊन लगेच विसरता येत नाही, हा माझाही अनुभव आहे. पंप बंद ठेवला तर शेजारी पाणी उपसेल, या त्या शेतकऱ्याच्या भीतीला थोडेफार उत्तर असेल तर ते इथे आहे : शेजाऱ्यानेही आपल्यासमोर हात वर केलेला असतो.

ठरेल ते लहान असू द्या. एक नाला, एक हंगाम, काठच्या पाच शेतांचा पट्टा. मागे घेता येईल असे असावे, आणि किती दिवसांनी, कोणत्या आकड्यावरून पाहायचे हे आधीच लिहून ठेवलेले असावे. आणि इथे तुमच्या ज्ञानाने एक अत्यंत महत्त्वाचे काम करायचे आहे, ते विसरू नका. तळाच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेले स्फुरद, बाहेरून येणारे सगळे आज थांबले तरी, पुढची काही वर्षे पाण्यात परत मिसळत राहू शकते. हे काम सुरू होण्याआधीच सांगितले नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा हिरवे होईल, एक गट म्हणेल 'आम्ही आमचे केले, त्यांनी केले नाही', आणि मोठ्या कष्टाने जुळलेले सारे एका आठवड्यात उधळेल. लगेच फरक दिसणार नाही असे सांगणारी व्यक्ती बैठकीत अप्रिय होते. ती अप्रियता तुम्ही पत्करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वरिष्ठांचा मुद्दा मी थोडक्यात आटोपते. संख्या द्या, नकार देऊन तुमची ऊर्जा तिथे खर्च करू नका. पण त्याच अहवालात आणखी तीन रकाने स्वतःहून घाला : एकत्र बसलेले गट किती, लोकांनी स्वतः घेतलेले निर्णय कोणते, आणि त्यांतल्या कोणत्या कामाची जबाबदारी कोणी उचलली. दोन-तीन तिमाहीनंतर वरिष्ठच त्या रकान्यांविषयी विचारू लागले, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. 'वादात पडू नका' या सूचनेचे म्हणाल, तर वाद आधीपासून आहेच. तो पाठीमागे कुजबुजत राहावा की समोरासमोर बसून बोलला जावा, एवढेच तुम्ही ठरवता आहात. त्यांना हे याच शब्दांत सांगून पाहा.

आणि बाजूला होण्याविषयी. तुमच्या तळ्याच्या प्रश्नातला एक भाग खरोखरच प्रशासनाचा आहे. नव्या वसाहतीचे सांडपाणी प्रक्रियेविना नाल्यात जात असेल, तर ते तिथल्या कुटुंबांच्या जाणीवजागृतीने थांबणार नाही, आणि यंत्रणेच्या कर्तव्याचा भार लोकांच्या सद्‌वर्तनावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. तिथे तुम्ही लोकांना कोणाकडे, कोणत्या कागदांसह जायचे हे दाखवा. तीन गटांनी तीन तक्रारी करण्याऐवजी तिघांच्या सह्यांचा एक अर्ज आणि त्याला जोडलेली वर्षभराच्या मोजमापांची वही गेली, तर तो अर्ज बाजूला सारणे अधिकाऱ्यालाही अवघड जाते. त्यामुळे प्रशासनाकडे सोपवणे आणि तुम्ही बाजूला होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला बाजूला व्हायचेच आहे, पण ते आज नाही, आणि कंटाळून तर नाहीच. तुमची बदली होईल त्या दिवशी दोरी कोण धरणार, वही कोण ठेवणार आणि बैठक कोण बोलावणार, या तीन नावांची सोय झाल्यावर. ती नावे शोधायला पहिल्या महिन्यापासून लागा. बहुधा ती आधीच पुढारी असलेल्यांची नसतील. दोन्ही बाजूंकडे ज्यांना पाणी विचारले जाते, अशा माणसांची असतील.

पुढची बैठक मात्र सभागृहात घेऊ नका आणि सादरीकरणही नेऊ नका. ती तळ्याच्या काठावर, पहाटे उजाडता उजाडता, मासे वर येतात त्या वेळी बोलवा आणि सर्वांना ते पाहू द्या. मच्छीमारांपैकी कोणाला तरी त्याविषयी बोलायची विनंती करा. मग ऊन चढेपर्यंत तुम्ही लिहून आणलेले ते सारे वाचा, आणि त्यानंतर तबकडी काढा. दोरी शेतकऱ्याच्या हातात द्या, होडी मच्छीमाराची असू द्या, वहीत आकडा वसाहतीतल्या कोणी तरी लिहू दे. तुम्ही काठावर थांबा. पहिला आकडा किती आला आणि तो लिहिताना कोण काय म्हणाले, ते मला अवश्य कळवा.